रांगेच्या शेपटीला

बागांमध्ये तोडणी सुरू झाली की आत्याच्या टोळीला गळती लागायची, हे दर वर्षीचंच होतं. पण त्या वर्षी हमरस्त्याला लागून कोल्ड स्टोरेज उभं राहिलं आणि गळतीचं पार भगदाड झालं. तिथं बारमाही काम होतं, डोक्यावर छप्पर होतं आणि न्यायला-आणायला टेम्पो होता. सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला की आत्या भांडी जरा जास्तच जोरात घासायची. आज कोण चढलं हे तिला बघायचंही नसायचं आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

"गवंड्याची बायको गेली," ती आत येऊन सांगायची.

"मग? तुझी माणसं काय दावणीला बांधलेली आहेत?" नवरा म्हणायचा. विहिरी खणता खणता त्याच्या कमरेची वाट लागली होती. आता तो घरातला स्वयंपाक बघायचा आणि उरलेल्या वेळात बायकोला टोमणे मारायचा. दोन्ही कामं तो मन लावून करायचा.

आत्याची टोळी शेतातली नव्हती. शहराच्या कडेला मोठं मैदान होतं. तिथं सामने व्हायचे, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे, सभा व्हायच्या. गर्दी आत घ्यायची, बसवायची, धडपणे घरी लावून द्यायची आणि कुणाला चेंगरू द्यायचं नाही, हे त्या टोळीचं काम. पूर्वी आत्या त्याच मैदानावर झाडू मारायला जायची. एका सामन्याला पळापळ झाली, दाराशी बायका-पोरं अडकली. पुढं उभे असलेले धिप्पाड रखवालदार लोकांना मागं लोटत राहिले आणि झाडूवाल्या बाईनं वळसा घालून मागच्या लोकांना थांबवलं. तेव्हापासून काम तिच्याकडं आलं ते आलंच. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, सूनसुद्धा.

तिची एक रीत होती आणि त्या रितीचा तिला फार अभिमान होता. सगळ्यांत चांगला माणूस ती रांगेच्या शेवटी उभा करायची. बाकीचे ठेकेदार उंचेपुरे गडी पुढं दाराशी लावायचे, दिसायला बरे म्हणून. आत्या म्हणायची, पुढच्याला सगळं दिसतंच, त्याच्यावर ओरडून काय उपयोग? ढकलतो तो मागचा, आणि त्याला तर पुढचं काहीच दिसत नाही. बोलायचं ते त्याच्याशी. या जागेला टोळीत शेपटी म्हणायचे आणि गेली कित्येक वर्षं शेपटीला सून उभी असायची.

सून तिनं घरासाठी बघितली की शेपटीसाठी, यावर नवऱ्याचं ठाम मत होतं. आत्या माणसं हेरायला बस स्टँडवर जाऊन बसायची. आत शिरून दारातच थबकणारा माणूस तिच्या कामाचा नव्हता. थांबायच्या आधी मागं बघून बाजूला सरकणारा कामाचा. एकदा बस लागली, झुंबड उडाली आणि एक सडपातळ मुलगी दाराकडं न जाता झुंबडीच्या मागं जाऊन उभी राहिली. "सावकाश चढा, ड्रायव्हर अजून चहा पितोय," ती एवढंच म्हणाली आणि झुंबड सैल झाली. आत्यानं आधी तिला काम विचारलं आणि मग घरी येऊन मुलाला लग्नाचं विचारलं. मुलगा ट्रकवर असायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. "पोराचं नशीब, शेपटीची जागा रिकामी होती," नवरा आल्यागेल्याला सांगायचा.

तोडणी ऐन भरात आली आणि नेमका तेव्हाच मैदानावर गाण्याचा मोठा कार्यक्रम ठरला. मैदानाच्या मॅनेजरनं आत्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, "पूर्ण टोळी आणणार असाल तर आणा. नाहीतर शहरातली कंपनी तयार बसलीय. त्यांची माणसं बूट-बिट घालून येतात." आत्यानं स्वतःच्या चपलेकडं बघितलं नाही. आणते, म्हणाली आणि घरी येऊन माणसं शोधायला लागली.

नवी माणसं मेंढपाळाच्या आवारात जमायची. मेंढ्या चरायला गेल्या की आवार मोकळं असायचं आणि त्याला एक अरुंद दार होतं. नव्या माणसाला दारात उभं करायचं, हात खाली सोडायला सांगायचं आणि टोळीनं सगळीकडून हळूहळू त्याला दाबत आणायचं. याला दाब चाखणं म्हणायचे. दाब चाखल्याशिवाय आत्या कुणाच्या अंगावर टोळीचं पिवळं जॅकेट चढू द्यायची नाही.

त्या दिवशी एक पैलवान आला होता. कुस्ती सोडली होती, पण मान अजून तशीच होती. त्याला दारात घेतलं, टोळी चिकटली. आत्यानं समोरून विचारलं, "ठीक आहे ना?"

"अजून दाबा," पैलवान हसून म्हणाला.

"आता नाक खाजव."

पैलवानानं हात वर घ्यायचा प्रयत्न केला. हात आला नाही. त्यानं खांदा हलवून बघितला, तोही हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला आणि नाकाला खरोखरच खाज सुटली असावी, कारण तो नाक वेडंवाकडं करायला लागला. "सोडा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की कुणी हसलं नाही.

"हे ओळखीच्या माणसांनी केलंय, हळू, दिवसाउजेडी," आत्या म्हणाली. "तुझ्या छातीएवढ्या उंचीची मुलगी असेल तर तिचं काय होईल, तेवढं ध्यानात ठेव. म्हणून हात कायम छातीपुढं ठेवायचे, आणि लोकांनाही तेच सांगायचं."

पैलवान जॅकेट न घेता गेला. त्याच्या मागून गावातला शिंपी आला, काटकुळा, चष्मेवाला. त्याचा चष्मा दाबात वाकडा झाला. बाहेर पडल्यावर त्यानं तो सरळ केला, थोडा वेळ उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "कुठं उभं राहायचं ते सांगा." आत्यानं त्याला सुनेबरोबर शेपटीला लावला. शेपटीला दोघं लागतात, एकानं बोलायचं आणि एकानं थांबवायचं.

संध्याकाळी जेवताना सुनेनं ताटाकडं बघतच सांगितलं, "आत्या, मला कोल्ड स्टोरेजमध्ये बोलावलंय. फळं निवडायच्या टेबलावर. सोमवारपासून."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आत्या पाणी प्यायली.

"कार्यक्रम शनिवारी आहे," सून म्हणाली. "तो करून जाईन."

"जा की," आत्या म्हणाली. "मी कुणाला धरून ठेवलंय?"

हे साफ खोटं होतं. सून गेली की तिच्यामागून टोळीतली धोबीण जाणार, धोबिणीमागून तिची जाऊ, आणि टोळीची टोळी टेम्पोत बसणार, हे आत्याला दिसत होतं. पण थांब म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. आणि सुनेनं काय चुकीचं केलं होतं? कार्यक्रमाच्या दिवशी तिचे पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा लागायचा नाही. मैदानावर टोळीतल्या बायकांना जायला जागा नव्हती म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नसत. गेल्या सामन्याला एका पोरानं "ए पिवळे, बाजूला हो" म्हणून तिच्या पाठीत पाण्याची बाटली मारली होती. तिनं ती उचलून, पुसून त्याच्या हातात परत दिली होती आणि घरी आल्यावर बराच वेळ मोरीत तोंड धूत बसली होती. आत्यानं ते बघितलं होतं आणि काही बोलली नव्हती.

शनिवारी दुपारपासून ऊन नुसतं भाजत होतं. मैदानाच्या एका बाजूला छपराची गॅलरी होती आणि तिच्यात जायला दोन भिंतींमधून एक चढ होता. चढाच्या वरच्या टोकाला दार अरुंद. खालच्या टोकाला उजवीकडं गाड्यांचं फाटक होतं. त्यातून कलाकारांच्या गाड्या आत यायच्या आणि पलीकडं ट्रक उभे करायची मोठी शेड होती. त्या दिवशी शेड रिकामी होती. चढाच्या पायथ्याशी, त्या फाटकाजवळ, सून आणि शिंपी उभे होते. आत्या वरच्या दाराशी.

लोक येत होते, बसत होते. टोळी स्टेजकडं पाठ करून उभी होती. या माणसांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले, पण एकही बघितला नव्हता. नवरा विचारायचा, कोण गायलं? आत्या सांगायची, काय माहीत, पाठीमागं होतं ते.

मॅनेजर घाईघाईनं आला. पुढच्या सोफ्यांवर पाहुणे बसायचे होते आणि तिथं पिवळी जॅकेटं कमी दिसत होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं, चढाच्या पायथ्याशी दोन माणसं नुसतीच उभी आहेत असं त्याला वाटलं, आणि त्यानं शिंप्याला बोट दाखवलं. "तुम्ही चला. इथं काही काम नाहीये."

शिंपी सुनेकडं बघायला लागला. "आत्यांना विचारा," सून म्हणाली.

"मैदान आत्याचं आहे का?" मॅनेजर म्हणाला आणि शिंप्याला घेऊन गेला. शेपटीला सून एकटी राहिली.

ऊन कलायला लागलं तसं बागांच्या बाजूनं आभाळ तांबूस झालं. आधी वारा आला, मग वाऱ्याबरोबर धूळ आली आणि मग पाठोपाठ गारांचा पहिला मारा आला. मैदानातल्या उघड्यावरच्या सगळ्या लोकांना एकाच वेळी छपराची गॅलरी दिसली. माणसं उठली आणि चढाकडं निघाली. निघाली म्हणता म्हणता पळायला लागली.

वरच्या दाराशी आत्याला कळलं ते आवाजावरून. चढावरचं बोलणं बंद झालं. गर्दी बोलत असते तोवर ठीक असतं. माणसांना श्वास पुरेनासा झाला की ती गप्प होतात. दारात एक जाडा माणूस आणि दोन बायका अडकल्या होत्या. आत्या आणि धोबीण त्यांना एकेक करून आत ओढत होत्या, पण ओढावं तेवढं मागून पुन्हा भरत होतं. आत्यानं मान उंच करून खाली बघितलं. धुळीत तिला नुसती डोकी दिसली. शेपटी दिसली नाही.

खाली सून लोकांकडं तोंड करून उभी होती. गारा तिच्या कपाळावर लागत होत्या. "थांबा, पुढं जागा नाही," ती म्हणत होती, आणि पहिली रांग थांबायची, पण मागची तिला ढकलत आणायची. एकटीनं बोलणं आणि थांबवणं जमत नव्हतं. तिला पाठीमागं चढावरच्या माणसांची पाठ लागली. तिला कळलं, आता आपणही दाबात जाणार.

तेव्हा ती फाटकाकडं गेली. फाटकाला कुलूप नव्हतं, जाड तार पिळून घातली होती. तिनं ती नखांनी, मग बोटांनी उलगडली. तार तळव्यात घुसली. फाटक ढकलून तिनं ते सताड उघडलं, फाटकाच्या मधोमध उभी राहिली आणि घरात पाहुण्यांना बोलवावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "इकडं या. इथं शेड आहे, कोरडी आहे. सगळ्यांना पुरेल. मुलांना उचलून घ्या, सावकाश या."

ती ओरडली असती तर लोक पळाले असते. ती ओरडली नाही. पहिल्या एका कुटुंबानं तोंड वळवलं, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि येणारा लोंढा चढ सोडून शेडमध्ये वळला. चढावर मागून भर पडायची थांबली. वरच्या दाराशी आत्याच्या हातातला माणूस अचानक हलका लागला. चढावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी शिवी दिली, एक पोर रडायला लागलं. लोक पुन्हा बोलायला लागले होते. ते ऐकून आत्याला रडू फुटलं, पण हात कामात होते, म्हणून ते तसंच गालावरून वाहू दिलं.

गारा थांबल्या. चढावर चपलांचा खच पडला होता आणि एक छत्री मोडली होती. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, कारण मुख्य गायकाची गाडी फाटकाबाहेर माणसांत अडकून पडली होती.

रविवारी सकाळी मॅनेजरनं आत्याला आणि सुनेला बोलावलं. टोळी बाहेर व्हरांड्यात थांबली. सुनेच्या तळव्याला फडकं बांधलं होतं. मॅनेजरच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा होता आणि त्यावर चढावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं दिसत होतं. त्याची झोप झालेली नव्हती. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"मी हे सगळं बघितलं," तो म्हणाला. "कुणी पडलेलं नाही. कुणाला लागलेलं नाही. काही झालंच नव्हतं, तर मग फाटक का उघडलं?"

आत्यानं सुनेच्या बांधलेल्या तळव्याकडं बघितलं.

"गायकाची माणसं भडकलीत. मला वर उत्तर द्यायचंय," मॅनेजर म्हणाला. "फाटक उघडणाऱ्या बाईला काढून टाकलं एवढं म्हणा. तुमचं काम तुमच्याकडं राहील. बाकी मी बघतो."

सून हळूच म्हणाली, "म्हणा, आत्या. नाहीतरी मी उद्यापासून जाणारच आहे. तुमचं मैदान राहील."

किती सोपं होतं. सुनेलाही लागणार नव्हतं, मॅनेजरचंही भागणार होतं. आत्या खुर्चीवरून उठली.

"ही जाणार असेल तर स्वतःच्या पायानं जाईल," ती म्हणाली. "काढली, असं मी म्हणणार नाही. आज मी तसं म्हटलं, तर उद्या शेपटीला उभा राहणारा माणूस फाटक उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघेल. मी असेन वर, दाराशी. त्याला मी दिसेपर्यंत माणसं गेलेली असतील. तुमचं मैदान ज्याला द्यायचं त्याला द्या. माझी सून काल शेपटीला होती, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुम्हाला सांगून कळायचं नाही."

आत्यानं इतकी वर्षं सुनेला असं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही तिसऱ्याच माणसाला. सून पडद्याकडं बघत होती; दुसरीकडं कुठं बघावं हे तिला कळत नसावं.

"साहेब," ती म्हणाली, "हा खांद्यावर मुलगी घेतलेला माणूस बघा. त्याचे हात कुठं आहेत?"

मॅनेजरनं बघितलं. माणसाच्या खांद्यावर लहान मुलगी होती, तिचे पाय मोकळे लोंबत होते आणि माणसाचे हात कुठंच दिसत नव्हते. मुलगी कलायला लागली होती. तो तिला धरत नव्हता. मग पडद्याच्या कोपऱ्यात फाटक उघडलं. थोड्या वेळानं त्या माणसाचे दोन्ही हात गर्दीतून वर आले आणि त्यांनी मुलीचे पाय घट्ट धरले.

मॅनेजरनं चित्रण मागं नेलं आणि पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

"मला वाटलं तो नुसता उभा आहे," तो म्हणाला.

"तोही तसंच सांगत असेल आज घरी," आत्या म्हणाली.

मॅनेजरनं तोंडावरून हात फिरवला. "वर काय सांगायचं ते मी सांगतो. फाटकाजवळचा माणूस मीच हलवला होता, तेही सांगतो." त्यानं पडदा बंद केला. "पुढच्या सामन्याला माणसं आणाल ना?"

"आणीन. पण लावलेल्या जागेवरून माझं माणूस कुणी हलवायचं नाही. आणि बायकांना जायला जागा पाहिजे. नळासकट."

"होईल," मॅनेजर म्हणाला. तो त्यांना सोडायला व्हरांड्यापर्यंत आला, हे टोळीनं बघितलं. बघितल्याचं कुणी दाखवलं नाही, पण घरी जाताना धोबीण सगळ्यांच्या पुढं चालत होती.

सोमवारी सकाळी कोपऱ्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. आत्या मोरीत भांडी घासत होती. सून केस बांधून बाहेर गेली. आत्यानं एकच पातेलं घासघासून लखलखीत केलं. टेम्पो बराच वेळ थांबला, मग गेला. आत्यानं मान वर केली तर सून दारात उभी.

"गेला का टेम्पो? चुकला तुझा?" आत्यानं विचारलं.

"सांगून आले, येत नाही म्हणून."

"माझ्यासाठी थांबू नकोस हं. मी काल बोलले ते बोलले, त्याचं ओझं घेऊ नकोस."

"तुमच्यासाठी नाही," सून म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली आणि तळव्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायला लागली. "परवा फाटक उघडताना तुम्ही काय म्हणाल, हे एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही. रात्री आठवलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. कोल्ड स्टोरेज बघायला गेले होते ना मी, तिथं खोलीचं दार उघडायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. मला आता ते जमायचं नाही, आत्या."

आतून नवरा काहीतरी टोमणा मारणार होता. त्यानं तो मारला नाही. आत्यानं ओले हात पुसले, पुन्हा पुसले.

"आवारात नवी माणसं येऊन उभी राहिली असतील," ती म्हणाली. "आजपासून टोळी तू लाव. कोण कुठं ते तू सांग."

दोघी आवाराकडं गेल्या. मेंढ्या निघून गेल्या होत्या. नव्या माणसांत कोल्ड स्टोरेजमधून परत आलेली गवंड्याची बायको होती, बस स्टँडवरचा हमाल होता, आणखी दोघं-तिघं होते. टोळी दोन्ही बाजूंना उभी होती. सून दारापाशी गेली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि त्या साध्या आवाजात एकेकाची जागा सांगत गेली. सगळ्यांना सांगून झालं, तेव्हा ती आत्याकडं वळली आणि थोडी अडखळली.

"तुम्ही आत्या…"

"सांग की," आत्या म्हणाली.

"तुम्ही शेपटीला."

आत्या सगळ्यांच्या मागं चालत गेली आणि मान ताठ करून तिथं उभी राहिली.